पुदिन्याची पाई

ॲकरशॉ, यॉर्कशायर
११ मार्च १९५६

प्रिय नोनी,

तार मिळाली असेलच. आई गेली. बुधवारी दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या, मांडीवर विणकाम तसंच. चहा टाकू का म्हणून विचारायला गेले तर उत्तर नाही. डॉक्टर म्हणाले, असं मरण मागून मिळत नाही. मी म्हटलं, मागितलं कुणी होतं?

शनिवारी सगळं उरकलं. चॅपल भरलं होतं. तू आली नाहीस ते बरंच झालं, मार्चमधली बोट तुला कधीच सोसत नाही. पण चौदा वर्षं तू आमच्या वरच्या खोलीत राहिलीस, मिलमधून दमून आलीस की आई आधी तुला वाढायची आणि मग मला. म्हणून तुला सगळं नीट कळवते.

गेल्या उन्हाळ्यात आई स्वतः माळावर जाऊन बिलबेरीची बारकी जांभळी फळं वेचून आली होती आणि बरण्या भरून फडताळात वर ठेवल्या होत्या. "माझ्या आहेत, हात लावायचा नाही," असा दम दिला होता मला. मला वाटलं, म्हातारीला हिवाळ्यात टोस्टवर हव्यात. त्या कशासाठी होत्या ते आता कळलं. सगळ्या बरण्या उघडल्या, मूठ मूठ पुदिना घातला, आणि चहाच्या टेबलावर ओळीने पाई मांडल्या. तोंडमाखी पाई खाल्ल्याशिवाय मेलेला माणूस मेला असं ॲकरशॉत कुणी धरतच नाही, हे आईचंच म्हणणं. तुला तर माहीत आहे ते दृश्य. काळे कोट, काळे हातमोजे, आणि बोलायला तोंड उघडलं की दात जांभळे. रडणाऱ्या बाईलाही हसू फुटतं.

खालच्या खोलीत नवे भाडेकरू आलेत, मिस्टर अर्कार्ट, स्कॉटलंडचे. त्यांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "ब्लेबेरी फक्कड आहेत हो!" झालं! आत्या ॲडा उसळली, "ब्लेबेरी कसली मेली, बिलबेरी म्हणा." श्रॉपशरहून आलेली मावशी म्हणाली, तुम्ही दोघंही चुकताय, ती विनबेरी. पाद्रीसाहेबांची बायको वेल्सची, तिने तिच्याकडचं नाव सांगितलं, ते आम्हाला शिंक आल्यासारखं ऐकू आलं आणि ॲडा म्हणाली, "देव भलं करो." आईच्या अंत्यविधीला फळाच्या नावावरून भांडण जुंपलं. आई असती तर खुर्ची पुढे ओढून बसली असती.

आता घर रिकामं आहे. मी बावन्न वर्षांची. आजवर लोक मला मिसेस सटक्लिफची मुलगी म्हणून ओळखत आले, आता काय म्हणून ओळखतील कोण जाणे.

तुझी,
एथेल


क्लोनब्रिन, काउंटी लीश, आयर्लंड
२५ मार्च १९५६

एथेल, बाई गं,

तुझी तार आली तेव्हा मी पीठ मळत होते. तशीच गोठ्यात गेले आणि गाईच्या पोटाला डोकं टेकून रडले. फिंटन दारात आला, बघितलं, आणि कुंपण तपासायला निघून गेला. माझ्या भावाची समजूत घालायची तीच रीत आहे. संध्याकाळी मात्र न सांगता चुलीत जाळायच्या पीटच्या ढेकळांची टोपली भरून ठेवली होती.

तुझी आई माझी कोण होती ते मी इथे कुणाला समजावत बसत नाही. घरमालकीण म्हटलं की लोकांचं समाधान होतं.

पाईचं वाचून मात्र हसले. इथे असं काही केलं असतं तर फादर टूमींना झीट आली असती. आम्ही त्यांना फ्रॉहन म्हणतो, आणि नाव आमचंच खरं, कारण आमच्या डोंगरावरची फळं तुमच्यापेक्षा मोठी. लहानपणी आम्ही टोपल्या भरभरून वेचायचो आणि व्यापारी त्या लिव्हरपूलच्या बोटीवर चढवायचा. कपडे रंगवायला नेतात म्हणायचे. तेव्हा तुमच्या मिलच्या निळ्या रंगात माझीही बोटं बुडालेली आहेत म्हण. माझी आई पानांचा काढा साखरेच्या आजारावर द्यायची, वासराला ढाळ लागली तर वाळलेली फळं. पण मेलेल्यांशी त्यांचा काडीचा संबंध नाही. उलटंच आहे.

जुलैचा शेवटचा रविवार म्हणजे आमचा फ्रॉहनचा रविवार. सगळं गाव डोंगरावर जातं. जिच्या मनात कुणी आहे ती पोरगी फ्रॉहनचा केक करून नेते, वर साय घालून, आणि सगळ्यांदेखत त्या माणसाच्या हातात ठेवते. तोंडाने चकार शब्द काढायचा नाही. त्याने खाल्ला की ठरलं. डिम्फनाने आमच्या फिंटनला असाच दिला होता. फिंटनने खाल्ला, बोटं चाटली आणि घरी येऊन बाबांना म्हणाला, मला वेगळी खोली लागेल. आता पोरी डब्लिनला जातात, केक बेकरीतून येतो, आणि ठरतं तेही बेकरीतल्या केकसारखंच, दोन दिवसांत शिळं. पण चाल सुटलेली नाही.

तू ये. जुलैत ये. डिम्फना गेली त्याला यंदा जुलैत आठ वर्षं होतील, म्हणजे मी तिकडून इकडे आले त्यालाही. घर फिंटनचं आहे, पण चूल माझी आहे, आणि माझ्या चुलीला कुणी हात लावलेला मला खपत नाही. तुला तेवढी मुभा.

तुझी,
नोनी


ॲकरशॉ
७ ऑगस्ट १९५६

प्रिय नोनी,

सुखरूप पोचले. बोटीत एक बाई माझ्या बुटांवर ओकली, बाकी प्रवास चांगला झाला.

तुझे आभार कसे मानू? आई गेल्यापासून मी माणसांत बसून जेवले नव्हते. तुझ्या घरी जेवले. बटाटे जरा कमी शिजवत जा, एवढंच.

माझ्या फळं काढायच्या फणीवरून तू अजून रागावलेली असशील. "डोंगर भादरायला आलीस का?" म्हणालीस. अगं, आमच्याकडे सगळे फणीनेच काढतात, एकेक फळ बोटांनी तोडत बसायला आम्ही काय राजघराण्यातले? पण तुझ्या गावात सगळे हातानेच वेचतात हे बघितल्यावर मी ती पिशवीत घातली की नाही? घातली.

आता पाईचं सांगते, कारण त्या दिवसापासून तू त्यावर अवाक्षर काढलं नाहीस. मी आले त्या संध्याकाळी तू धारा काढायला गेली होतीस, तेव्हा फिंटन आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी विचारलं, डिम्फना कशी होती? बोलायला लागला तो! ती शीळ घालायची, कोंबड्यांना माणसांची नावं द्यायची, पाऊस आला की मुद्दाम बाहेर जायची. मी विचारलं, तिच्या अंत्यविधीला काय खाल्लंत? म्हणाला, हॅमची सँडविचं. नोनी, मला फार वाईट वाटलं. हॅमच्या सँडविचांवर कुणाची पाठवणी करतात का?

म्हणून रविवारी सकाळी तू चर्चला गेलीस तेव्हा तुझी चूल घेतली. मुभा दिली होतीस. पुदिना मी घरून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता, आईच्या थडग्यापाशी लावलेल्यातलाच. पाई डोंगरावर नेली आणि फिंटनच्या हातात दिली. आमच्याकडे असं देताना बोलत नाहीत, म्हणून बोलले नाही. त्याने एकदा पाईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तिथेच गवतात बसून सगळी खाल्ली. सगळी! वर म्हणाला, "पुदिना." बाकी काही नाही.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, तुमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावाने काही केलं की टाळ्या वाजवत असतील. पोस्टातल्या मिसेस कुडिहींनी तर माझा मुका घेतला. भली माणसं आहेत. तू किटली धरून मागे उभी होतीस, तुझा चेहरा तेवढा ओढलेला दिसला. दाढ दुखत होती का?

तू मार्चमध्ये केकचं लिहिलं होतंस ते माझ्या लक्षात होतं बरं का. पण ते पोरीबाळींचं. आणि माझी पाई होती, केक नव्हता, त्यातून पुदिना घातलेली. पुदिना बघून कुणालाही कळेल कशासाठी आहे ते.

तुझी,
एथेल


क्लोनब्रिन
२ सप्टेंबर १९५६

प्रिय एथेल,

पत्र मिळालं. दाढ ठीक आहे.

इथे विशेष काही नाही. गवत कापून झालं. फिंटनने नवा वस्तरा आणला आणि आता रोज दाढी करतो, पूर्वी शनिवारी करायचा. पुढचं फाटक त्याने हिरवं रंगवलं. आठ वर्षं ते गंजत होतं, मी सांगून सांगून थकले. तुझ्या पुदिन्याच्या उरलेल्या काड्या त्याने दाराशी खोचल्या होत्या, त्या धरल्या. रोज पाणी घालतो. माझ्या कांद्यांना कधी घातलं नाही.

मिसेस कुडिही तुझी विचारपूस करतात. फार करतात.

बटाटे मी असेच शिजवते.

नोनी


ॲकरशॉ
१४ ऑक्टोबर १९५६

नोनी,

हे काय चाललंय? तुझ्या पत्रात इतकं गार वारं सुटलं होतं की मी शाल घेऊन वाचलं. मी काही चुकले असेन तर तोंडावर सांग. चौदा वर्षं एका छपराखाली राहिलोय आपण. माझ्या मोज्यांपासून माझ्या प्रार्थनेपर्यंत सगळ्यावर तू तोंड टाकलंयस, आताच काय झालं?

त्यातून दोन गोष्टी घडल्या. एक, फिंटनकडून पार्सल आलं. डोंगरावरचा मध, आणि चिठ्ठीत एक ओळ: "पुदिना धरला." सही नाही, काही नाही. दुसरी म्हणजे मिसेस कुडिहींचं कार्ड. वर दोन कबुतरं आणि आत लिहिलंय, "आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला." कसला आनंद? अर्कार्टना दाखवलं. ते कार्डाकडे बघून खोकले आणि म्हणाले, "मिस सटक्लिफ, तुम्ही तिकडे नक्की काय करून आलात?"

मी काय करून आले, नोनी?

एथेल


क्लोनब्रिन
२८ ऑक्टोबर १९५६

एथेल,

लग्न ठरवून आलीस. दुसरं काय?

पोरीबाळींचं म्हणे! इथे वयाला कोण विचारतंय? फ्रॉहनच्या रविवारी बाईने फ्रॉहन घातलेलं काहीतरी पुरुषाच्या हातात सगळ्यांसमोर ठेवलं आणि त्याने ते खाल्लं, की झालं. केक आहे की पाई, त्यात पुदिना आहे की पाला, हे बघायला कुणी वाकत नाही. टाळ्या त्यासाठी होत्या. गावाने तुला फिंटनची म्हणून टाकलं आणि फिंटनने फाटक रंगवलं. तू चॅपलवाली प्रोटेस्टंट, तो कॅथलिक, म्हणून फादर टूमी एकदा चेहरा पाडून येऊन गेले. फिंटनने त्यांना चहा दिला आणि हवापाण्यावर बोलत बसला.

मी त्या डोंगरावर किटली धरून उभी होते आणि तुझं काय चाललंय ते गर्दीत फक्त मला कळलं. पुदिन्याचा वास आला मला. माझ्या डोळ्यांसमोर आमची डिम्फना आणि तुमच्या चॅपलमधली जांभळ्या दातांची माणसं एकदम उभी राहिली. ती पाई मेलेल्यासाठी आहे हे मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. सांगितलं नाही. तेव्हा लोकांसमोर शोभा नको म्हणून. नंतर का नाही, ते आता लिहिते, कारण तू विचारलंस.

तू या घरात आलीस तर माझी चूल जाते. बस, एवढंच आहे. तुला वाटेल नोनी हलक्या मनाची. आहे. एका चुलीशी दोन बायका मी पुष्कळ बघितल्या आहेत, त्यांतली एक शेवटी कोपऱ्यात मोजे रफू करत बसते. मी चोपन्न वर्षांची आहे. मिलमध्ये मला आता कोण घेणार? इथे या चार भिंतींत मी कुणाची भाडेकरू नाही, आयुष्यात पहिल्यांदाच.

आणि फिंटनला सांगितलं, की बाबा रे, ती पाई तुझ्या बायकोच्या नावाची होती, तुझ्यासाठी नव्हती, तर चूल राहते. रोज सकाळी त्याची लापशी वाढताना ते वाक्य माझ्या जिभेवर असतं. मग तो दाढी करून आलेला दिसतो. परवा तो शीळ घालत होता. वाक्य मी गिळते आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडचिड करते.

तेव्हा तूच सांग काय करू ते. पाई तुझी, तूच निस्तर.

नोनी


ॲकरशॉ
४ नोव्हेंबर १९५६

नोनी,

त्याला खरं सांगून टाक. आजच सांग.

मी नवरा शोधायला बोटीत बसले नव्हते. तुझ्याकडे आले होते. लोकांनी काय समजावं ते माझ्या हातात नव्हतं, पण त्या बिचाऱ्याने माझ्या पाईमुळे फाटक रंगवावं आणि ती त्याची नव्हतीच हे त्याला उद्या मिसेस कुडिहींकडून कळावं, हे मला सहन होणार नाही. लाजेने मला दोन रात्री झोप नाही. मी त्याची थट्टा केली असं त्याला वाटलं तर?

तुझ्या चुलीला मी हात लावणार नाही. मुभा परत केली असं समज.

आणि एक. तुझ्याशी खोटं बोलायची मला सवय नाही म्हणून लिहिते. ते मधाचं पार्सल आलं तेव्हा मी ते उघडून बराच वेळ नुसती बसले होते. आई गेल्यापासून माझ्या नावाचं पार्सल आलं नव्हतं. तेवढंच. आता सांग त्याला.

एथेल


क्लोनब्रिन
९ डिसेंबर १९५६

एथेल,

उशीर झाला. तुझं पत्र आल्यावरही मी बरेच दिवस ढकलले. आधी बटाटे काढायचे होते, मग डुक्कर कापायचं होतं, मग म्हटलं सर्दी उतरू दे. शेवटी काल सांगितलं. तो खोऱ्याचा दांडा बसवत होता. मी म्हटलं, "फिंटन, एथेलची ती पाई डिम्फनासाठी होती. तिच्याकडे माणूस गेलं की करतात. तुझ्यासाठी म्हणून नव्हती." एका दमात बोलले.

त्याने दांडा ठोकून बसवला, हलवून बघितला, आणि म्हणाला, "माहीत आहे की."

मी म्हटलं, "काय माहीत आहे?"

"तूच नव्हतं का सांगितलंस? आलीस त्या पहिल्या हिवाळ्यात. तिकडे मेलेल्यांना पुदिना घालून निरोप देतात, सगळ्यांची तोंडं निळी होतात. हसून हसून सांगत होतीस. पहिल्या घासाला कळलं मला."

"मग सगळी का खाल्लीस?"

"डिम्फनाची होती. दुसऱ्या कुणाला देणार?"

एथेल, मी तिथेच पिठाच्या पेटीवर बसले. विचारलं, मग टाळ्या वाजवणाऱ्या लोकांना का नाही सांगितलंस? म्हणाला, लोकांना काय सांगायचं असतं? मग फाटक? त्यावर त्याने खोरं भिंतीला टेकवलं. मला वाटलं, कुंपण तपासायला जाणार. पण नाही गेला.

म्हणाला, "तिने मला विचारलं, डिम्फना कशी होती. आठ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं."

'कुणी' म्हणजे मी. त्याने तसं म्हटलं नाही, तो म्हणणारही नाही. पण या घरात दुसरं आहे कोण? मी आले, डिम्फनाचे कपडे पाद्रींकडे दिले, तिच्या कोंबड्या विकल्या, चूल घासली आणि त्याच्यासमोर ताट ठेवायला लागले. मला वाटायचं, नाव काढलं नाही की दुखणार नाही. आठ वर्षं मी त्याला वेळेवर जेवायला घातलं आणि एकदाही विचारलं नाही. ती शीळ घालायची हेसुद्धा मला तुझ्या पत्रातून कळलं. माझी मलाच लाज वाटली गं.

आता पुढचं. हे मला न लिहिताही चाललं असतं, तुला कधी कळलं नसतं. काल रात्रभर तोच विचार केला. पण त्याने सांगितलंय, आणि माझ्याकडे पहिल्यांदाच त्याने काहीतरी मागितलंय. मी उठले तेव्हा मागून म्हणाला, "एथेलला लिहिशील तेव्हा विचार, पुढच्या जुलैत येईल का. आणि म्हणावं, या खेपेला पुदिना नको."

शब्द त्याचेच आहेत, मी काही घातलं नाही आणि काही काढलंही नाही.

नोनी


ॲकरशॉ
२० जानेवारी १९५७

माझी नोनी,

तुझं पत्र नाताळापूर्वी आलं. आज उत्तर देतेय. मधल्या काळात मी पायऱ्या घासल्या, पडदे धुतले, आत्या ॲडाशी भांडले आणि मिटवलं. अर्कार्ट म्हणाले, मिस सटक्लिफ, घर झिजवून टाकाल.

मला यायचंय. लिहून बघितलं, खरं वाटलं, म्हणून तसंच ठेवते. बावन्न वर्षांत मला काय हवंय हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं तेही असं, की पुदिना नको! हसू येतं आणि रडूही येतं. फिंटन चांगला माणूस आहे. तो गप्प बसतो तेव्हा समोरच्याला अवघडायला होत नाही. आमच्याकडच्या माणसांच्या गप्प बसण्यात नेहमी काहीतरी तक्रार असते.

पण तुझी चूल घेऊन मला काही नको. तू त्याचा निरोप दाबून ठेवू शकत होतीस आणि ठेवला नाहीस, म्हणून आता ठरवणं मी तुझ्या हातात देते. नीट वाच.

मी जुलैत येईन. येताना काय आणायचं ते तू कळव. तू लिहिलंस, पुदिना आण, तर मी पुदिना आणीन, पाई करीन, फिंटनच्या हातात ठेवीन. त्याला पहिल्या घासाला कळेल. डिम्फनाच्या नावाने तो ती खाईल, मी आठवडाभर राहून परत जाईन, आणि कुणी कुणाला काही बोलणार नाही. मी कधीच विचारणार नाही तू तसं का लिहिलंस. तुझ्यावर राग धरणार नाही. आईची शपथ.

आणि तसं लिहिलं नाहीस, तर सायीचा केक कसा करतात ते मला येत नाही. तुलाच शिकवावं लागेल. तुझ्या चुलीशी, तू म्हणशील तिथे उभं राहून. आणि बटाट्यांबद्दल मी जन्मात पुन्हा बोलणार नाही.

घाई नाही. फळं जुलैशिवाय पिकत नाहीत.

तुझीच,
एथेल


ॲकरशॉ
२६ मे १९५७

प्रिय नोनी,

नुसतीच खुशाली. माळावर बिलबेरीला फुलं भरपूर आलीत, गारपीट झाली नाही तर यंदा चांगलं वर्ष. आईच्या थडग्यापाशी पुदिना गुडघ्याएवढा झालाय.

तुझं पत्र नाही. उत्तरासाठी लिहीत नाहीये.

एथेल


क्लोनब्रिन
१४ जुलै १९५७

एथेल,

सहा महिने तुला टांगून ठेवलं. ठेवायचं म्हणून नाही. दर रविवारी लिहायला बसायचे आणि कागदावर नुसतं तुझं नाव उरायचं.

या दिवसांत मी फिंटनला डिम्फनाबद्दल विचारत गेले. रोज थोडं. तो सांगतो. कोंबड्यांची नावंसुद्धा कळली, एकीचं नाव तिने नोनी ठेवलं होतं म्हणे, फार कलकलाट करायची म्हणून. मी हसले तर तोही हसला. संध्याकाळी आता आम्ही बाकावर बसतो. बाक तिघांना पुरेल एवढा आहे, मी बसून बघितलं.

भीती गेली नाही. कोपऱ्यात मोजे रफू करणारी बाई मला अजून दिसते. पण मी तुझ्या आईच्या घरात परकी बाई म्हणून आले होते, आणि ती तुझ्याआधी मला वाढायची. तू शेजारी ताट धरून उभी असायचीस. त्यावरून तू कधी तोंड वाकडं केलेलं मला आठवत नाही. मी पुष्कळ आठवून बघितलं.

फ्रॉहन पिकलेत. काल डोंगरावर जाऊन आले, यंदा खरंच मोठे आहेत. फणी आणलीस तर बोटीतून समुद्रात टाक.

साय मी धरायला लागले आहे. केकला अंडी ताजी लागतात, ती शनिवारी आणू. पीठ तू मळ, पण चुलीच्या भट्टीचं दार माझ्याशिवाय उघडायचं नाही, ते अडकतं.

दुपारची बस घे. फिंटन नाक्यावर येईल. आत येताना फाटकाला हात लावू नकोस, त्याने परत रंगवलंय आणि या हवेत ते वाळायला तयार नाही.

पुदिना आणू नकोस. डिम्फनासाठी लागला तर दाराशी पुष्कळ आहे.

तुझी,
नोनी